मागच्या दाराची किल्ली

१२ जुलै

अप्पा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, हे तुमच्या आधी लक्षात येईल. असू दे. तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिते आहे. आलेला कागद न वाचता बाजूला ठेवणं तुम्हाला आयुष्यात जमलेलं नाही, तेवढा भरवसा आहे.

आई म्हणते, चार दिवस झाले, तुम्ही घरात कुणाशी शब्द बोललेला नाहीत. तिने मला विचारलं, "तुला शिकायला दुसरी कुठली संस्था मिळाली नाही का गं?" तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. आमच्या कॉलेजात फील्डवर्कसाठी चिठ्ठ्या टाकतात. ज्याच्या वाट्याला जी संस्था येईल तिथे आठवड्यातून दोन दिवस जायचं आणि पाहिलं, ऐकलं ते सगळं लिहून मॅडमना द्यायचं. माझ्या चिठ्ठीत मुलींचं बालगृह निघालं. तुम्ही बावीस वर्षं जिथे अधीक्षक होतात आणि ज्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये मी लहानाची मोठी झाले, तेच. यात माझा काय दोष?

तुम्ही निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण तिथलं पान अजून तुमच्या नावाशिवाय हलत नाही. टॉवेल कुठल्या खिळ्याला अडकवायचा इथपासून सगळी 'साहेबांची पद्धत'. गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी मुलींची मोजणी झाली, एक कमी भरली. सात वर्षांची. मी काळजीवाहक बाईंना विचारलं. पापड वाळत घातलेत असं सांगावं तशा सुरात त्या म्हणाल्या, "कोठीत आहे. अंथरूण ओलं केलं तिनं. चार वाजता काढू."

मी म्हटलं, "कोठीत पोरींना कोंडायचं नसतं."

त्या हसल्या. "तुम्हाला काय हे नवीन आहे का ताई? साहेबांपासूनचं आहे."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. मॅडमनी वाचलं, कॉलेजने ते मुलांच्या हक्कांचं काम पाहणाऱ्या समितीकडे पाठवलं आणि समितीने चौकशी लावली. नव्या सभागृहाला तुमचं नाव द्यायचं ठरलं होतं, ते थांबलं ते या चौकशीमुळे. माझ्या कागदावर तुमचं नाव मी कुठेही घातलेलं नाही. ते बाईंच्या तोंडून आलं.

बँकेतली नोकरी सोडून मी या कॉलेजात नाव घातलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "समाजकार्य शिकायचं नसतं, करायचं असतं." ज्यांनी केलं त्यांनी काय काय केलं, ते बघायलाच आम्हाला शिकवतात.

— तुमची मुलगी

२ ऑगस्ट

अप्पा,

तुमचं उत्तर मिळालं. एवढा मोठा कागद आणि मधोमध एक ओळ. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.' खाली सही, सहीखाली तारीख. निदान तुम्ही मला दांडा तरी म्हणालात. इतकी वर्षं मी नुसती छोकरी होते.

आता गोताचं बोलू. आमच्या वर्गात परवा याच प्रकरणावर चर्चा झाली. संस्थेचं नाव झाकलेलं होतं, माझंही. माझ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "असला माणूस घरी कसा वागत असेल?" सगळे अंदाज करायला लागले. मारत असेल. दारू पीत असेल. बायकोला धाकात ठेवत असेल. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "घरी चांगला वागत असेल." तर एक जण म्हणाला, "कशावरून?"

काय सांगणार होते? पहाटे उठून साठ पोरींसाठी बंब पेटवायचा, तो स्वतः पेटवायचा, शिपायाला उठवायचा नाही, हे सांगणार? उवा झालेल्या पोरीचं डोकं स्वतः बसून विंचरायचा, हे सांगणार? आणि मग त्याच हातांनी कोठीचं कुलूप लावायचा. वर्गात सगळ्यांना राक्षस हवा होता. मला तो देता आला नाही, म्हणून मला तुमचा राग येतो. तुम्ही सरळ वाईट असतात तर माझं केवढं सोपं झालं असतं.

आणि एक. चिठ्ठीचं मी खोटं लिहिलं. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकत नाहीत. मी ती संस्था मागून घेतली. मॅडमनी तीनदा विचारलं, "तुझे वडील तिथे होते ना? तुला जमेल?" मी तिन्ही वेळा 'जमेल' म्हटलं. का मागितली, ते विचारू नका. आईला यातलं काही सांगू नका.

समितीला जुन्या मुलींच्या साक्षी हव्या आहेत. मी काडीला शोधते आहे.

काडी कोण, असं भाबडेपणाने आईला विचारू नका. बालगृहातली, शाळेत माझ्या वर्गात होती, माझ्याहून एका वर्षाने मोठी, हातपाय काड्यांसारखे म्हणून सगळ्या मुली तिला काडी म्हणायच्या. तुम्हीही म्हणायचात.

२१ ऑगस्ट

अप्पा,

काडी भेटली. तयार कपडे शिवायच्या कारखान्यात आहे, शर्टांच्या बाह्या जोडते. मधल्या सुट्टीत जिन्याखाली एका गठ्ठ्यावर बसून बोललो. तिला नवरा आहे, एक मुलगी आहे, डाव्या हाताचं कोपर अजूनही सरळ होत नाही. मी तिकडे बघत होते तर म्हणाली, "बघतेस काय? कापड धरायला बरं पडतं. मुकादम म्हणतो, तुझा हात यंत्रासाठीच बनवलाय."

तुम्ही विसरला असाल म्हणून लिहिते. तुम्ही काही विसरत नाही हे माहीत असून लिहिते. शनिवार होता. तुम्ही तिला दुपारी बारा वाजता कोठीत घातलंत. शिक्षा संध्याकाळपर्यंतची होती. पाचच्या सुमाराला ती गाद्यांच्या ढिगावर चढली, वरच्या झरोक्यापर्यंत गेली आणि तिथून फरशीवर पडली. रविवारी संस्थेला भेट द्यायला मोठे पाहुणे येणार होते, म्हणून तुम्ही तिचा हात फडक्याने गळ्यात बांधलात आणि डॉक्टरकडे सोमवारी नेलंत. तोवर हाड वाकडं बसायला लागलं होतं. पाहुण्यांसमोर मी स्वागताचं भाषण केलं. टाळ्या पडल्या. ती मागच्या रांगेत होती.

मी तिला म्हटलं, "समितीपुढे ये. आता सांगायची वेळ आहे."

"आता का?" ती म्हणाली.

"कारण अजून चाललंय ते. सात वर्षांची पोरगी होती आत."

तिने दोऱ्याचं रीळ हातात फिरवलं. मग म्हणाली, "येते. त्या पोरीसाठी येते. तुझ्यासाठी नाही."

तिने अजून एक गोष्ट विचारली. ती इथे लिहायची गरज नाही.

तुम्हाला नोटीस आली असेलच. चौकशी सहा सप्टेंबरला अकरा वाजता आहे. मी तिथे असणार. कॉलेजने मला आणि दुसऱ्या एका विद्यार्थिनीला टिपणं घ्यायला बसायची परवानगी काढली आहे. तुम्ही माझ्याकडे बघू नका. मी तुमच्याकडे बघणार नाही.

७ सप्टेंबर

अप्पा,

कालपासून तीन वेळा हे पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. तुम्ही काल जे केलंत ते कोणाला विचारून केलंत?

मी टेबलाच्या टोकाला वही उघडून बसले होते. काडी नवऱ्याला घेऊन आली होती, त्याला बाहेर बसवलं. तिने सगळं सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. समितीतल्या वयस्कर बाईंनी विचारलं, "तुला शिक्षा कशाची झाली होती?"

"मागच्या दाराची किल्ली चोरली म्हणून."

"चोरली होतीस?"

"नाही."

"मग कुणी घेतली होती?"

काडीने माझ्याकडे पाहिलं. मी वहीवर पेन टेकवून बसले होते आणि माझ्या पेनाखाली शाईचा ठिपका मोठा होत होता. मग ती म्हणाली, "साहेबांना विचारा."

त्यांनी तुम्हाला विचारलं. आणि तुम्ही म्हणालात, "आठवत नाही."

तुम्ही? साठ पोरींच्या दाखल झाल्याच्या तारखा पाठ असणारे तुम्ही? अध्यक्षांनीही पुन्हा विचारलं, "इतकी मोठी शिक्षा दिलीत आणि किल्ली कुणी घेतली ते आठवत नाही?" तुम्ही टोपी मांडीवर ठेवलीत आणि तेच म्हणालात. त्यांनी लिहून घेतलं की कोणतीही खात्री न करता एका निरपराध मुलीला शिक्षा केली. तुम्ही ते वाचलंत आणि सही केलीत.

मला तुमचे उपकार नको होते. मी तुम्हाला उघडं पाडायला तिथे बसले होते आणि तुम्ही माझ्यावर पांघरूण घातलंत. आयुष्यभर हेच केलंत तुम्ही. माझ्यावर घालायला तुमच्याकडे नेहमी पांघरूण असायचं. बाकी साठ पोरी थंडीत.

तर आता लिहितेच. काडीने कारखान्याच्या जिन्याखाली विचारलं होतं ते हे, "किल्ली कोणी घेतली, ते तिथे विचारतील का गं?" आणि मी म्हटलं होतं, "नाही विचारणार."

किल्ली मी घेतली. मी दहा वर्षांची होते. मागच्या भिंतीपलीकडे भंगारात काढलेल्या बसगाड्यांचं आवार होतं, तिथे जायची बंदी होती. मी रोज दुपारी, तुम्ही डुलकी घ्यायचात तेव्हा, दार उघडून काडीला घेऊन जायची. मी चालकाच्या जागेवर बसायची, ती मागे उतारू म्हणून. तिला ते आवडायचं नाही, ती घाबरायची. मीच ओढून न्यायची. ज्या शुक्रवारी पकडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या मुलींना रांगेत उभं करून विचारलंत, "किल्ली कुणी काढली?" मी म्हटलं, "तिने."

बस्स. एक शब्द. तुम्ही तो खरा मानलात, आणि तो माझा होता हे काल समितीला सांगितलं नाहीत. त्या शब्दासाठी मी ही संस्था मागून घेतली. मला वाटलं, कोठी बंद पाडली की फिटलं. फिटलं नाही.

१५ सप्टेंबर

अप्पा,

मी समितीला लेखी दिलं आहे. 'किल्ली मी काढली, नाव तिचं सांगितलं, सहा तारखेला समोर बसूनही गप्प राहिले.' एवढंच. मॅडमना आधी दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, "दहा वर्षांच्या मुलीचं मी समजू शकते. पण तू त्या बाईला साक्षीला आणलंस आणि तिला एकटीला बसवलंस. याला आपल्याकडे माणसाला वापरणं म्हणतात. मी शिकवलंय."

माझं या सत्राचं फील्डवर्क रद्द झालं. पुढच्या वर्षी पुन्हा, दुसऱ्या संस्थेत. माझ्याबरोबरच्या मुली पुढे जातील. मॅडमनी जे केलं ते बरोबर आहे आणि मला त्यांचाही राग येतो. सध्या मला सगळ्यांचाच येतो.

काडीला स्वतः सांगायला हवं म्हणून काल कारखान्यात गेले. यावेळी ती जिन्याखाली आली नाही. यंत्रापाशीच बसून राहिली, मी उभी. मी माफी मागायला लागले तर तिने हात वर केला, वाकडाच.

"तू दहा वर्षांची होतीस, ते मी कधीच सोडून दिलं," ती म्हणाली. "माझी मुलगी आता नऊची आहे, तीही खोटं बोलते. पण त्या दिवशी टेबलापाशी तू अठ्ठावीस वर्षांची होतीस. वही घेऊन बसली होतीस."

मी म्हटलं, "म्हणून तर लेखी दिलं."

"दिलंस ना? मग झालं. आता मला तुझ्या अभ्यासात घालू नकोस. माझ्या बाह्या राहिल्यात."

तिने पायाखालची पट्टी दाबली आणि यंत्र सुरू झालं. त्या आवाजात बोलता येत नाही, हे तिला माहीत होतं.

हे तुम्हाला कळवते आहे कारण माझ्या कबुलीने तुमचा फायदा होणार आहे. आता तुम्ही म्हणू शकता की पोटच्या पोरीने फसवलं, मी विश्वास ठेवला. अध्यक्ष म्हणाले, तसा तुमचा खुलासा आला तर निष्कर्षातले शब्द सौम्य करता येतील. कदाचित सभागृहाचंही पुन्हा बघतील. घ्या. तुमचं पांघरूण तुम्हाला परत. आपला हिशेब संपला असं समजा आणि मला पुन्हा उत्तर पाठवू नका.

१० ऑक्टोबर

अप्पा,

उत्तर पाठवू नका म्हटलं होतं, तुम्ही पाठवलं नाहीत. तुम्ही ते समितीला पाठवलंत.

मॅडमनी मला गेल्या आठवड्यात खोलीत बोलावलं आणि तुमच्या खुलाशाची प्रत समोर ठेवली. त्या म्हणाल्या, "बस आधी." मी उभ्यानेच वाचलं. 'किल्ली माझ्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, दारामागे असे. तिथे संस्थेतल्या मुलींना प्रवेश नव्हता. ती माझ्या मुलीने घेतली हे मला मुली रांगेत उभ्या असतानाच कळलं होतं. माझी मुलगी साठ मुलींसमोर चोर ठरू नये म्हणून मी दुसरीला शिक्षा केली. मुलीने मला फसवलेलं नाही. सौम्य शब्दांची विनंती नाही.'

नंतर मी बसले.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. अठरा वर्षं मी समजत आले की मी तुम्हाला फसवलं आणि माझ्या खोट्यापायी तुम्ही एका पोरीचा हात मोडलात. जेवायला तुमच्या समोर बसताना मान वर करायची नाही, बँकेत असताना कुणी किल्ली टेबलावर टाकली की दचकायचे. आणि तुम्ही समोर बसून मला भाजी वाढत होतात. एकदा, एकदाच, मला बाजूला घेऊन म्हणाला असतात, "मला माहीत आहे," तर मी काडीकडे अकराव्या वर्षीच गेले असते. तुम्ही तिला पाच तास कोंडलंत. मला कुलूप न लावता कोंडलंत.

हे लिहिल्यावर लाज वाटली. माझा हात सरळ होतो. खोडत नाही, तुम्हीही वाचा आणि मी अजून कशी आहे ते बघा.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पण ते चार ओळींचं पत्र दुसऱ्या कुणी लिहिलं नसतं, एवढं मला कळतं. आई म्हणाली, तुम्ही ते सकाळी एका बैठकीत लिहिलंत आणि स्वतः चालत जाऊन देऊन आलात.

कोठीचं दार बिजागरीसकट काढलं आहे. तिथे मुलींची पुस्तकं ठेवणार आहेत. सभागृहाला नाव देणार नाहीत, कुणाचंच. हे सगळं तुम्हाला बाहेरून कळलंच असेल. खरं सांगायचं ते पुढे आहे.

समितीने काडीला तुमचा खुलासा दाखवला आणि तिच्या जुन्या फाइलची प्रत दिली. तिने ती पहिल्यांदाच पाहिली. परवा दुपारी ती स्वतः कॉलेजात आली. मी फाटकापाशी होते, तिने मला ओळख दिली नाही, पण कागद माझ्या हातात दिला. त्या सोमवारची नोंद आहे, तुमच्या वळणदार अक्षरात. 'खेळताना पडली. तातडीने उपचार केले.' तिने त्या ओळीखाली नखाने रेघ मारली होती.

"तुझ्या वडिलांना सांग," ती म्हणाली, "तुमचं पत्र मी वाचलं. ते समितीला लिहिलंय. मला नाही. माझ्या फाइलमध्ये अजून मी खेळताना पडलेली आहे. हे त्यांनी खोडायचं आणि खरं लिहायचं. टाइप करून नको. त्यांच्या हाताने."

मी म्हटलं, "त्यांचा हात आता थरथरतो."

"चालेल," ती म्हणाली. "मी थांबेन."

मॅडमनी समितीची परवानगी घेतली आहे. मंगळवारी अकरा वाजता, तुमच्याच जुन्या कार्यालयात; दिवस तुम्हाला समितीने कळवलाच आहे. अध्यक्ष असतील, काडी असेल. ती त्या दिवशी रजा घेणार आहे. खाडाखोड करू नका, एका रेघेने काटा, शेजारी तारीख घाला. सगळं लिहा, शनिवार, बारा वाजता, कशासाठी, रविवारी पाहुणे होते म्हणून काय झालं, सगळं. शब्द गोल गोल फिरवू नका. ती तिथेच उभी राहून अक्षर न् अक्षर वाचेल. तिला वाचायला तुम्हीच शिकवलंत.

आईचा फोन आला होता. तुम्ही विचारत होतात म्हणे, मी येणार का. नाही. काडीने फक्त तुम्हाला बोलावलं आहे.

— तुमची मुलगी